डायनॅमो काढण्याआधी मीटर लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९६८ची ॲम्बॅसिडर मार्क टू, मुक्काम सातारा. दोन वर्षांपूर्वी पत्राकाम, रंगकाम, वायरिंग सगळं नव्यानं करून घेतलं आणि तेव्हापासून दीड वर्षात तिसरी बॅटरी चालू आहे. दर रविवारी सकाळी गाडी काढून दहा-बारा किलोमीटर फिरवता आणि परत लावता. गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू ठेवून, उभी असली की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो. रात्री शंभर-नव्वद वॅटचे हॅलोजन लावले की नंतर बसवलेल्या अँपिअर मीटरचा काटा उणेकडे झुकतो. गॅरेजमध्ये सांगितलं की डायनॅमो, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं जुन्या पद्धतीचं यंत्र, काढून टाका आणि त्याच्या जागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवा. काय करावं?

माझं उत्तर आधी सांगतो: अजून काहीच काढू नका. कदाचित शेवटी अल्टरनेटरच लावावा लागेल, ते नाकारत नाही. पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत डायनॅमो बिघडल्याचा एकही पुरावा मला दिसत नाही. मी कोल्हापुरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, त्याला चाळीस वर्षं होत आली. सुरुवातीला आमच्या बाकावर रोज दोन-तीन डायनॅमो उघडलेले असायचे. आता महिन्याला एखादा येतो आणि तो बहुतेक वेळा चांगला निघतो. दुखणं दुसरीकडेच असतं. तुमचा खरा प्रश्न डायनॅमो की अल्टरनेटर हा नाहीच. बॅटरीत जाणारी वीज आणि बॅटरीतून निघणारी वीज यांचा मेळ कुठे बसत नाही, हा आहे. तो शोधल्याशिवाय अल्टरनेटर लावलात तर चौथी बॅटरीही तशीच जाईल, आणि वर जुना डायनॅमो भंगारात गेलेला असेल.

आधी लाल दिव्याची भीती काढून टाकू. त्या दिव्याचं एक टोक इग्निशन स्विचवर असतं, दुसरं डायनॅमोच्या डी टर्मिनलवर. डायनॅमो थांबलेला किंवा फार हळू फिरत असेल तर डीवर व्होल्ट नसतात, म्हणून बॅटरीचा करंट दिव्यातून डायनॅमोमार्गे अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या अंगाला, जातो आणि दिवा लागतो. डायनॅमोचे व्होल्ट बॅटरीच्या बरोबरीला आले की दोन्ही टोकांना सारखाच दाब होतो, दिवा विझतो. लुकासचा सी ४० डायनॅमो साधारण मिनिटाला १४५० फेऱ्यांपासून चार्जिंग द्यायला लागतो आणि त्याची पूर्ण ताकद, म्हणजे २२ अँपिअर, २०५० ते २२५० फेऱ्यांच्या आसपास मिळते. या फेऱ्या डायनॅमोच्या, इंजिनच्या नव्हेत. स्लोवर चालणारं इंजिन त्याला तेवढा फिरवतच नाही. त्यामुळे स्लोला दिवा मिणमिणणं हा डायनॅमोच्या गाडीचा स्वभाव आहे. थोडी रेस दिली की तो पूर्ण विझतो का, एवढंच बघायचं. मात्र दिवा विझला म्हणजे बॅटरी चार्ज होते आहे असं समजू नका. डायनॅमो वीज बनवतो आहे इतकंच त्यातून कळतं. ती बॅटरीपर्यंत पोचते की नाही, हे दिवा सांगत नाही.

आता जमाखर्च मांडू. लोकांना वाटतं, सेल्फ मारल्यानं बॅटरी उतरते. हिशेब करून बघा. सेल्फनं २०० अँपिअर ओढले आणि गाडी ३ सेकंदांत सुरू झाली, तर खर्च झाला ६०० अँपिअर-सेकंद. १० अँपिअरनं चार्जिंग मिळालं तर तो एका मिनिटात भरून निघतो. पण आठवडाभर उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. म्हणून तुम्ही रविवारी सकाळी दहा-दहा सेकंद करत सहा वेळा सेल्फ मारला, तर तोच खर्च वीस पट होतो, म्हणजे ३.३ अँपिअर-तास. तो भरायला तुमची वीस-पंचवीस मिनिटांची फेरी जेमतेम पुरते.

खरा चोर बहुधा यात नाहीच. तुमच्या नव्या वायरिंगमध्ये म्युझिक प्लेअर बसवलाय का? त्याची एक तार घड्याळ आणि स्टेशन लक्षात ठेवण्यासाठी कायम बॅटरीवर असते. समजा कुठूनतरी १०० मिलिअँपिअर सतत गळतायत. एवढ्यावर छोटा दिवासुद्धा धड पेटणार नाही. पण आठवड्याचे १६८ तास धरले तर १६.८ अँपिअर-तास गेले. रविवारच्या पंचवीस मिनिटांत सरासरी ८ अँपिअर आत गेले असं धरलं तर जमा झाले ३.३. साठ अँपिअर-तासांची नवी बॅटरी या हिशेबानं महिन्याभरात रिकामी होते. मग तुम्ही ती बाहेर चार्ज करून आणता, पुन्हा तेच. अर्धवट उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. ते जितके दिवस बसतं तितकं घट्ट होतं आणि सहा-आठ महिन्यांत बॅटरीवाला म्हणतो, "सेल गेला." बॅटरी वाईट नव्हती, तिला कधी पोटभर मिळालंच नाही.

ही गळती मोजणं सोपं आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, त्याची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. गाडी बंद, दारं बंद, छताचा दिवा बंद. बॅटरीच्या अर्थच्या वायरीचं टोक, म्हणजे लग, काढा आणि तो लग व बॅटरीचा पोल यांच्यामध्ये मीटर लावा. मीटर लागलेला असताना इग्निशन चालू करू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. १९६८च्या गाडीत घड्याळ किंवा प्लेअर नसेल तर आकडा जवळपास शून्य हवा. प्लेअर असेल तर ३०-४० मिलिअँपिअरपर्यंत समजू शकतो, त्याच्यावर गेला तर शोध घ्यायचा. मूळ वायरिंगप्रमाणे या गाड्यांत फ्यूज दोनच असतात. एकेक काढून बघा, आकडा कोणत्या फ्यूजनं पडतो ते कळेल. दोन्ही काढूनही पडला नाही तर कटआउट बॉक्सच्या (डायनॅमो आणि बॅटरी यांची जोडणी करणारा-तोडणारा डबा) डी टर्मिनलची वायर सोडवून बघा, कारण कटआउटचे पॉइंट अर्धवट चिकटलेले असले तर बॅटरी उलटी डायनॅमोतून उतरत राहते. पॉइंट पूर्ण चिकटले तर गळती मिलिअँपिअरची राहत नाही. इंजिन बंद केल्यावरही अँपिअर मीटरचा काटा उणेच्या टोकाला जाऊन बसतो आणि वायर तापायला लागते. असं झालं तर इतर काही न करता आधी बॅटरीचा लग काढायचा.

आता एक गोष्ट मला तुमच्याकडून कळायला हवी होती आणि ती तुम्ही लिहिलेली नाही: बॅटरीला पाणी किती लागतं? आमच्याकडे "बॅटरी टिकत नाही" म्हणून गाडी आली की मी पहिला हाच प्रश्न विचारतो. पाणी अजिबात कमी होत नसेल आणि बॅटरी उतरत असेल तर चार्जिंग अपुरं आहे किंवा गळती आहे. पण दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागत असेल, झाकणांभोवती ॲसिडचा ओलावा येत असेल, बॅटरीखालचा ट्रे खात असेल, तर रोग अगदी उलटा आहे: बॅटरी उकळते आहे. दोन्हींत बॅटरी मरते, पण उपाय विरुद्ध दिशेचे. म्हणूनच सीलबंद बॅटरीपेक्षा पाण्याची झाकणं असलेली बॅटरी मी जुन्या गाड्यांना सुचवतो. झाकण काढून ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घालता येतो आणि सहाही वाट्यांचा, म्हणजे सेलचा, हाल वेगवेगळा कळतो. पाच वाट्या सारख्या आणि एकच मागे असेल तर दोष बॅटरीचा. सहाही सारख्याच मागे असतील तर दोष गाडीचा.

हायड्रोमीटर नसेल तर मल्टिमीटर चालेल. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी काहीही चालू करण्याआधी बॅटरीच्या दोन पोलांवर मोजा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.९च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. शनिवारी रात्री पूर्ण चार्ज करून लावलेली बॅटरी पुढच्या शनिवारी किती दाखवते, हे एकदा लिहून ठेवा.

आता मला ज्याचा सगळ्यात दाट संशय आहे त्याकडे येतो. तुम्ही लिहिलंत की त्रास रंगकामानंतर सुरू झाला. ते वाचून मला तीन-चार वर्षांपूर्वीची सांगलीकडची एक मार्क टू आठवली. क्रीम रंग, आरसा वाटावा असं काम, मालकांनी मनापासून खर्च केलेला. त्यांनाही अल्टरनेटर लावायला सांगितलं होतं आणि त्यासाठीच ते आले होते. मी बॉनेट उघडून त्यांना सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन जडपणे फिरलं. दुसऱ्यांदा मारताना मी चोकच्या केबलला हात लावला तर ती गरम लागली. चोकची केबल तापायचं कारणच नाही. याचा अर्थ सेल्फचा करंट परतीला त्या बारीक केबलमधून बॉडीत जात होता, कारण त्याचा हक्काचा रस्ता बंद होता.

गाडीखाली गेलो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून इंजिन आणि चासी-बॉडी यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची अर्थची पट्टी असते. ती होती, नवीकोरी होती, बोल्टही आवळलेला होता. पण ती बसवली होती रंगावर! चासीला दोन हात रंग, त्यावर पट्टी, त्यावर वॉशर, तोही रंगवलेला. सेल्फ मारताना मीटरची एक पिन इंजिनच्या ब्लॉकवर आणि दुसरी बॅटरीच्या अर्थच्या पोलवर धरली तर १.९ व्होल्ट. चांगल्या अर्थिंगला तिथे ०.२-०.३ पेक्षा जास्त येता कामा नये. बोल्ट काढला, कानशीनं रुपयाच्या नाण्याएवढी जागा घासली, पत्रा पांढरा चमकेपर्यंत. दातेरी वॉशर घातला, आवळलं, वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजलं तर ०.१५. सेल्फ झटक्यात फिरला. डायनॅमोला मी हातही लावला नाही.

अर्थ वाईट असला तर चार्जिंगवर काय परिणाम होतो, हे नीट लक्षात घ्या. डायनॅमो इंजिनला बोल्टनं बसलेला, कटआउट बॉक्स बॉडीला. दोघांच्या मध्ये हीच पट्टी. तिथे अर्धा व्होल्ट अडला तर बॅटरीला तेवढा कमी मिळू शकतो आणि बारा व्होल्टच्या बॅटरीला अर्धा व्होल्ट म्हणजे पुष्कळ. याहून घातक म्हणजे कटआउट बॉक्सच्या स्वतःच्या ई टर्मिनलचा अर्थ सैल होणं. रेग्युलेटरच्या कॉइलला अर्थ नीट मिळत नसला तर त्याला व्होल्ट वाढल्याचं कळत नाही, तो डायनॅमोला आवरत नाही आणि बॅटरी उकळायला लागते. रंगकामानंतर हा बॉक्सही रंगलेल्या पत्र्यावर परत बसवलेला असतो. म्हणून तुमच्या गाडीत तीन जागा बघा: बॅटरीचा अर्थ बॉडीला जिथे लागतो ती, इंजिनची पट्टी दोन्ही टोकांना, आणि कटआउटच्या ई टर्मिनलची वायर. तिन्ही ठिकाणी उघडा धातू हवा.

यातून निभावलं नाही तर कटआउट बॉक्स. आपल्याकडे सगळे त्याला कटआउट म्हणतात, पण लुकासच्या आरबी १०६ बॉक्समध्ये दोन वेगळी माणसं राहतात. एक कटआउट, जो डायनॅमोचे व्होल्ट १२.७ ते १३.३ च्या दरम्यान आले की बॅटरीशी जोडणी करतो आणि व्होल्ट पडले की तोडतो. दुसरा रेग्युलेटर, जो डायनॅमोच्या फिल्डला, म्हणजे त्यात चुंबक तयार करणाऱ्या कॉइलला, आवर घालतो. त्या रेग्युलेटरची एक खोड माहीत नसल्यामुळे मी कित्येक गाड्या बिघडवलेल्या पाहिल्यात. आजच्या गाड्यांवर शिकलेला हुशार मुलगा मीटर लावतो, बॅटरीची वायर सोडवून डीवर व्होल्ट बघतो, १६ दिसतात. त्याला वाटतं चार्जिंग फार जास्त आहे, तो स्क्रू फिरवून १४.२ वर आणतो, अल्टरनेटरला ठेवतात तसं. आणि तिथून पुढे ती बॅटरी कधीच भरत नाही.

कारण असं की या रेग्युलेटरच्या कॉइलवर बारीक तारेच्या गुंडाळीबरोबर जाड तारेचेही काही वेढे असतात आणि बॅटरीकडे जाणारा करंट त्यांतून जातो. करंट जितका जास्त तितका रेग्युलेटर व्होल्ट खाली खेचतो, म्हणजे रिकामी बॅटरी लागली तरी डायनॅमोवर ताण येऊ नये. म्हणून या बॉक्सचं सेटिंग बॅटरी जोडलेली नसताना करायचं आणि तेव्हा तो आकडा वीस अंश तापमानाला १६ ते १६.६ हवा, आपल्या एप्रिल-मे महिन्यात थोडा कमी. बॅटरी जोडली की तोच आकडा आपोआप १४च्या घरात येतो. तुमचं वायरिंग नव्यानं झालंय, त्यात कुणी हा स्क्रू फिरवला असण्याची शक्यता मी बरीच धरतो.

हे तपासायचं तर बॉक्सच्या ए आणि ए-१ वरच्या वायरी काढा आणि एकमेकींना जोडून टेप गुंडाळा. त्यांत बॅटरीचा थेट करंट असतो, बॉडीला लागू देऊ नका. आता डी आणि ई यांच्यामध्ये मीटर, आणि हळूहळू रेस. काटा चढेल, थरथरेल आणि एका जागी स्थिर होईल. तीस सेकंदांच्या आत वाचून घ्या, नंतर कॉइल तापते आणि आकडा बदलतो. आकडा न थांबता चढतच गेला तर लगेच रेस सोडा, रेग्युलेटरचे पॉइंट चिकटलेत किंवा ई टर्मिनलचा अर्थ गेलाय. खूप खाली थांबला तर स्क्रूला हात लावण्याआधी पॉइंट साफ करा, एमरीनं नव्हे, अगदी बारीक पॉलिश पेपरच्या पट्टीनं, आणि नंतर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडानं पुसून घ्या. स्क्रू फिरवायचाच तर एका वेळी थोडासाच. आणि हे काम पूर्वी कुणी करताना पाहिलेलं नसेल तर जुन्या माणसाकडून करून घ्या. तुमच्या भागात बसस्टँडजवळ एखादा तरी पिकल्या केसांचा बॅटरी-लाइटवाला असेल, विचारत गेलात तर सापडेल.

इथपर्यंतचं सगळं ठीक निघालं तरच डायनॅमोकडे वळायचं. त्याची परीक्षा दहा मिनिटांची आहे. मागच्या दोन्ही वायरी काढा, मोठं टर्मिनल डी, लहान एफ. दोन्ही टर्मिनल उघड्या तारेनं एकमेकांना जोडा, त्या तारेवर मीटरची एक पिन, दुसरी डायनॅमोच्या अंगावर. इंजिन सुरू करून अगदी सावकाश रेस वाढवा. स्लोपासून थोडं वर गेलं की व्होल्ट सपाट्यानं, न अडखळता चढायला हवेत. वीसवर गेले की बस, रेस सोडा. इथे रेग्युलेटरचा लगाम नसतो, जास्त रेस दिलीत तर आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, जळेल. चढले तर डायनॅमो ठणठणीत आहे, त्याला दोष देऊ नका. काहीच आलं नाही तर कार्बन, म्हणजे आर्मेचरवर टेकणारे ब्रश, अडकलेत किंवा झिजलेत. अर्ध्या-एक व्होल्टवर अडलं तर फिल्ड कॉइल बघा. चार-पाच व्होल्टवर अडलं तर आर्मेचर. ही रीत लुकासच्या डायनॅमोची आहे. पाटीवर दुसरं नाव असेल तर त्याची जोडणी वेगळी असू शकते, आधी विचारा.

पाटी बघाच. सी ४० असेल तर २२ अँपिअर, सी ३९ असेल तर १९. मागच्या टोपीच्या मध्यभागी तेलाचं बारीक भोक असतं. आत बेअरिंग नसून बुश, म्हणजे साधी धातूची नळी, असतो आणि तो तेलावर जगतो. सहा महिन्यांतून इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब पुरे. जास्त घातलंत तर ते कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन जिथे घासतात त्या तांब्याच्या कड्यावर, जाऊन कार्बन चिकट होतात. तो बुश झिजला की आर्मेचर फिल्डला घासतं आणि मग मात्र खर्च आहे. पट्टा दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं दाबला की अर्धा इंच दबावा. त्याहून ताठ ठेवला तर हाच बुश आणि वॉटर पंपाचं बेअरिंग लवकर जातं.

रात्रीचा काटा उणेकडे जातो, त्याचं उत्तर आता तुम्हीच काढू शकाल. नव्वद वॅटचे दोन डिपर (हेडलाइटचा खालचा झोत) म्हणजे १५ अँपिअर. मागचे-पुढचे छोटे दिवे आणि डॅशबोर्ड मिळून अडीच, इग्निशनला तीन. झाले साडेवीस. त्यात पंखा किंवा वायपर लावला की सी ४०चे बावीस संपले, तेही हायवेच्या वेगाला. गावातून हळू जाताना किंवा घाटात गिअर टाकून रांगेत उभे असताना तर उणेच. यात बिघाड काहीच नाही, डायनॅमोच्या ऐपतीपेक्षा मागणी जास्त आहे. साठ-पंचावन्नचे बल्ब लावलेत तर डिपरचा खर्च ९ अँपिअरवर येतो आणि बॅटरीसाठी सहा-सात उरतात. हेडलाइटला रिले लावून जाड वायरीनं थेट करंट दिला तर हे बल्ब तुमच्या आताच्या शंभर-नव्वदच्या जवळपास उजेड देतील, कारण जुन्या स्विचमध्ये आणि बारीक वायरीत एकेक व्होल्ट मरत असतो. माझ्या मते तुमच्या गाडीवर पैसे खर्च करायची पहिली जागा ही आहे.

मग अल्टरनेटर कुणी लावावा? गाडी रोज वापरात असेल, रात्रीचा प्रवास नेहमीचा असेल, शहराच्या गर्दीत तासन् तास स्लोवर उभी राहत असेल, किंवा एसी बसवलाय, तर लावा, मीच लावून देईन. अल्टरनेटर स्लोलाही बऱ्यापैकी चार्जिंग देतो, हा त्याचा मोठा गुण. रविवारी सकाळी दिवसाउजेडी निघणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही. शिवाय तुमची गाडी पन्नास वर्षांच्या पुढची आहे. जुलै २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे अशा गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी आणि व्हीए अक्षरांची नंबर प्लेट मिळू शकते. नियमाचा रोख चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल नसावेत यावर आहे, डायनॅमोवरून कुणी अडवणार नाही. पण रॅलीत बॉनेट उघडल्यावर जाणकार डोळे पहिल्यांदा जातात ते कटआउट बॉक्स आणि डायनॅमोवर.

लावायचाच ठरला तर तीन गोष्टींवर तडजोड करू नका. पहिली, अर्थ. ॲम्बॅसिडर ज्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून आली तिचा पॉझिटिव्ह पोल बॉडीला असायचा आणि जुन्या गाड्यांत तो तसाच मिळतो. अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचा असतो. न बघता जोडलात तर त्याचे डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग, जोडल्याक्षणी जातील. दुसरी, वायर. डायनॅमोची वायर बावीस अँपिअरच्या हिशेबाची आहे. अल्टरनेटर छत्तीस-चाळीस देणार. त्याच्या बी प्लस टर्मिनलपासून सेल्फच्या सॉलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टपर्यंत नवी जाड वायर टाका, मध्ये योग्य फ्यूज. हा सगळा करंट तुमच्या अँपिअर मीटरमधून डॅशबोर्डमागे फिरवू नका, आग लागण्याची ती नेहमीची जागा आहे. त्याऐवजी व्होल्टमीटर लावा. तिसरी, लाल दिवा. अल्टरनेटरला जागं करायला सुरुवातीचा थोडा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. तिथे एलईडी लावला किंवा बल्ब उडाला तर काही अल्टरनेटर चार्जिंग सुरूच करत नाहीत, आणि लोक चांगला अल्टरनेटर बदलून मोकळे होतात. इंजिन चालू असताना बॅटरीचा लग काढून "चार्जिंग आहे का" बघायची जुनी सवय अल्टरनेटरवर कधीही वापरू नका. डायोड आणि रेग्युलेटर एका झटक्यात जातात. आणि काढलेला डायनॅमो तेलकट कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा, विकू नका.

आत्तापुरता क्रम असा धरा: आधी गळती, मग तिन्ही अर्थ, मग कटआउटचे १६ व्होल्ट, सगळ्यात शेवटी डायनॅमो. दरम्यान घरी एक छोटा ऑटोमॅटिक चार्जर घ्या, बॅटरी भरली की स्वतः कमी होणारा, आणि गाडी उभी असताना तो लावून ठेवा. लाइट नसलेल्या शेडमध्ये गाडी असेल तर निदान बॅटरीच्या अर्थला कट-ऑफ स्विच बसवा. आणि रविवारची फेरी जमली तर पंचवीस मिनिटांऐवजी तासाभराची करा, टॉप गिअरमध्ये, पार लिंब गावच्या बारामोटेच्या विहिरीपर्यंत जाऊन या.

एक शेवटचं, कारण हे विसरलं जातं. तपासणीत तुमच्या गाडीचा अर्थ कुणीतरी पॉझिटिव्हचा निगेटिव्ह केलेला आढळला, किंवा एखाद्या बॅटरीवाल्यानं बॅटरी चुकून उलटी लावली होती असं कळलं, तर डायनॅमो चांगला असूनही उलटी वीज बनवत असेल. त्याला पुन्हा दिशा द्यावी लागते. एफवरची वायर काढा, बॅटरीच्या अर्थ नसलेल्या पोलवरून एक तार आणून एफ टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर टेकवा, बारीक ठिणगी दिसेल. मग वायर परत लावा. हे करण्यासाठी डायनॅमो खोलावा लागत नाही. सकाळचे विश्रांतीचे व्होल्ट, गळतीचे मिलिअँपिअर, सेल्फ मारताना इंजिन आणि अर्थचा पोल यांच्यामधला आकडा, आणि पाणी किती लागतं, एवढं मला कळवा. त्यावरून पुढचं सांगतो.